टिकलीचं बाळंतपण

आधीच सांगून टाकतो, मी प्राण्यांचा डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरणारा माणूस. पण गेल्या काही महिन्यांत ऑफिसातल्या दोघांनी येऊन विचारलं, "अरे, गावच्या कुत्रीला पिल्लं होणार आहेत, आई-बाबा एकटेच असतात, काय तयारी करायची?" दोघांनाही चहाच्या मशीनपाशी उभं राहून तेच तेच सांगितलं. म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

आमचं घर किन्हवलीच्या पुढे. तालुका शहापूर, पण मुरबाडही जवळपास तितकंच लांब. त्यामुळे आमच्याकडे कुठल्याही प्रश्नाला दोन उत्तरं असतात, 'शहापूरवरून' आणि 'मुरबाडवरून'. गॅस सिलेंडर असो, लग्नाचा बस्ता असो की रात्री-बेरात्री लागणारा डॉक्टर, आधी अर्धा तास याच्यावरच चर्चा होते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

टिकली आमच्याकडे आली २०२४ च्या दिवाळीत. ओळखीच्या एका फार्महाऊसवरचा राखणदार काम सोडून गेला आणि जाताना ही बाबांच्या गळ्यात पडली. गावठी, तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका, वजन चौदा किलो. आली तीच माजावर. त्यामुळे ऑपरेशनचा विचार करेपर्यंत तुळशीच्या लग्नाला आमच्या अंगणात पाच-सहा वऱ्हाडी कुत्रे हजर होते. पुढचं सांगायला नको. आईला तारीख पक्की आठवत होती, १३ नोव्हेंबर, कारण मंगलाष्टकं चालू असतानाच मागे गोठ्याशी गोंधळ झाला होता.

कुत्रीचे दिवस साधारण ६३. त्यात भानगड अशी की हे ६३ खऱ्या अर्थाने मोजायचे ते बीज सुटल्यापासून, आणि ते आपल्याला दिसत नाही. जोड लागल्याच्या दिवसापासून मोजलं तर ५७ पासून अगदी ७२ पर्यंत काहीही होऊ शकतं. आमचा ६३ वा दिवस येत होता १५ जानेवारीला, म्हणजे किंक्रांतीला. आजीचा चेहरा पडला. "करीच्या दिवशी नको गं बाई," असं ती टिकलीला समजावून सांगत होती.

आता तयारी. नेटवर शोधलंत तर पहिल्याच पानावर वीस-पंचवीस वस्तूंची यादी मिळेल. ती वाचून मीही एका रात्रीत अर्धं मेडिकल स्टोअर कार्टमध्ये भरलं होतं. प्रत्यक्षात लागलं ते फारच थोडं. भरपूर जुने पेपर (बाबा रद्दी विकत नाहीत याचा आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला), आजीची मऊ झालेली जुनी लुगडी, उकळून ठेवलेली कात्री, जाड दोरा, नाळेच्या टोकाला लावायला बेटाडीन, रबरी हातमोजे, टॉर्च, आणि स्वयंपाकघरातला ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा. हो, आणि चार-पाच रंगांची लोकर. पिल्लं सगळी एकसारखी दिसतात, गळ्यात सैल लोकर बांधली की कोण वाढतंय आणि कोण मागे पडतंय ते कळतं. फक्त गाठ रोज बघायची, कारण पिल्लू भराभर वाढतं आणि लोकर वाढत नाही.

पेटी बाबांनी बनवली. जुन्या प्लायची, टिकली पाय पसरून आडवी होईल एवढी, पुढची बाजू ठेंगणी. आतून चारही बाजूंना, भिंतीपासून चार बोटं सोडून, बोअरवेलचा उरलेला पीव्हीसी पाईप फिरवला. तो कशाला? आई भिंतीला टेकून बसते तेव्हा मागे अडकलेलं पिल्लू चिरडतं. पाईप असला की तिच्या पाठीमागे पिल्लापुरती फट राहते. दोनशे रुपयांचं काम नाही, पण मला विचाराल तर अख्ख्या तयारीतलं सगळ्यात हुशार काम हेच.

पेटी ठेवायची कुठे यावर मात्र तीन दिवस वाद. आजी म्हणे गोठ्यात, पेंढ्यावर. जनावराची जागा जनावरात. आई म्हणे पडवीत, म्हणजे घरात वास नको. मी म्हटलं घराच्या आत, दाराला कडी लावून. कारण बिबट्या. आमच्या भागात बिबट्याने कुत्रं उचललं ही काही बातमी नाही. घाटाच्या पलीकडे, अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास केला होता, त्यात भक्ष्याच्या एकूण वजनात ३९ टक्के वाटा पाळीव-गावठी कुत्र्यांचा निघाला! (याच अत्रेयबाईंनी २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या गळ्यात कॉलर घालून कसारा-तानसा करत पार मुंबईच्या नॅशनल पार्कपर्यंत चालत गेला होता. त्यावर २०१४ मध्ये उर्मिला मातोंडकरचा सिनेमाही आला. म्हणजे बिबट्याचा रूट आमच्याच तालुक्यातून.) उघड्या पडवीत व्यायलेली कुत्री, रक्ताचा वास, पिल्लांचं कुंईकुंई... नकोच ते. शेवटी माजघरात, भाताच्या कणगीमागे पेटी गेली. टिकलीने तिथे दोन दिवस झोपून संमती दिली. ही सवय आधीच लावावी लागते, आठवडाभर तरी. नाहीतर ऐनवेळी ती तुमच्या कपाटातल्या साड्यांवर बाळंत होते.

आजीशी माझे आणखी दोन मतभेद झाले. एक, तिला टिकलीसाठी डिंकाचे लाडू करायचे होते, बेदाणे घालून. बेदाणे-मनुका-द्राक्षं कुत्र्यांना विषारी असतात, किडनी जाऊ शकते, त्यामुळे लाडू मी खाल्ले :) दुसरा, कॅल्शियमचा. गाभण आहे, हाडं लागतात, द्या बाटली, असं गावात चौघांनी सांगितलं. डॉक्टरांनी स्वच्छ नाही म्हटलं. पोटुशी असताना बाहेरून कॅल्शियम दिलं की शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढायचं यंत्र मंद करून टाकतं. मग व्यायल्यावर दूध जोरात सुरू होतं, रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं आणि कुत्री थरथरायला लागते, झटके येतात. बहुतेक वेळा हे होतं पिल्लं दोन-चार आठवड्यांची असताना, म्हणजे आपण निर्धास्त झाल्यावर. तेव्हा आहारच चांगला ठेवायचा. टिकलीला नाचणीची भाकरी, अंडी, उकडलेलं चिकन, थोडं थोडं चार वेळा. पोटात पिल्लांनी जागा व्यापली की एकदम पोटभर जेवता येत नाही.

तिसऱ्या बाबतीत मात्र आजी शंभर टक्के बरोबर होती. ती म्हणाली, "तिच्याकडे टक लावून बसू नका. जनावर लाजतं, कळा आवरून धरतं." आजीने आयुष्यात पंचवीसेक म्हशींची बाळंतपणं काढली आहेत. डॉक्टरांना विचारलं तर तेही हेच म्हणाले, फक्त 'स्ट्रेस' आणि 'हार्मोन' हे शब्द घालून.

शनिवारी, ११ जानेवारीला, टिकलीला कल्याणला नेऊन एक्स-रे काढला. ५५ व्या दिवसानंतर पिल्लांची हाडं नीट दिसतात, म्हणून तोपर्यंत थांबायचं. सोनोग्राफीत पिल्लं आहेत आणि हृदय चालू आहे हे कळतं, पण मोजणीसाठी एक्स-रेच. डॉक्टरांनी पेन्सिलीचं टोक लावून कवट्या मोजल्या. पाच. हा आकडा आपल्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे मंडळी. नाहीतर रात्री दोन वाजता चार पिल्लं चोखत पडली आहेत, आई शांत आहे, आणि आपल्याला वाटतं झालं सगळं.

त्याच भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले. रात्री तीनला फोन केला तर उचलेल कोण? तुम्ही नसाल तर पर्यायी नंबर कुणाचा? आणि सिझेरियन लागलं तर तुमच्याकडे होईल की पुढे पाठवाल? हे प्रश्न भोचक वाटतात, पण विचारायचेच. आमच्या दोन्ही तालुक्यांत जनावरांचे सरकारी दवाखाने आहेत, पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा टोल-फ्री नंबरही आहे, पण तिथला सगळा भार गाय, म्हैस आणि शेळीचा. रात्री कुत्रीचं पोट उघडायचं तर भूल, टेबल, ऑक्सिजन पाहिजे. म्हणजे कल्याण, नाहीतर ठाणे, नाहीतर थेट परळ. परळ म्हटल्यावर आजीचे डोळे चमकले, "बैलघोडा!" मुंबईतलं ते हॉस्पिटल आणि त्याला लागून १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय. पण किन्हवलीहून परळ म्हणजे आईच्या जिवाशी खेळ. कल्याण पक्कं केलं.

घरी आल्यावर मी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना बसवलं आणि एक कागद लिहिला. आमच्या धंद्यात याला रनबुक म्हणतात. रात्री तीनला सर्व्हर पडला की जागा झालेला माणूस विचार करण्याच्या अवस्थेत नसतो, म्हणून दिवसाढवळ्या, डोकं थंड असताना लिहून ठेवायचं की काय झालं तर काय करायचं. मराठीत लिहिला, मोठ्या अक्षरांत, कारण मी ऑफिसला असेन तर वाचणार बाबा होते. ताप ९९ च्या खाली जाऊन २४ तास झाले तरी काही नाही, तर फोन. पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवट-काळं पाणी गेलं, तर फोन. कारण वार सुटायला लागली आणि पिल्लू अजून आतच आहे असा त्याचा अर्थ. (पहिल्या पिल्लानंतर तसंच पाणी आलं तर घाबरायचं नाही.) जोरात कळा देऊन अर्धा तास झाला आणि पिल्लू नाही, तर फोन आणि गाडी. कळा नाहीत, ती आराम करतेय, पण आत पिल्लू शिल्लक आहे आणि दोन तास झाले, तर फोन. शेवटी रस्ता. शहापूरवरून पडघा-कल्याण की मुरबाडवरून गोवेली-कल्याण? तिकडे हायवेच्या रुंदीकरणाची कामं, इकडे म्हशाची जत्रा, जी पौष पौर्णिमेला, म्हणजे १३ तारखेलाच, सुरू होणार होती. बराच काथ्याकूट होऊन लिहिलं: 'मुरबाड'. बाबांनी खाली सही केली. (खरंच केली. बँकेतून निवृत्त झालेत.)

कागद फ्रीजवर लागला.

त्या आठवड्यात मी घरूनच काम करत होतो. सकाळ-संध्याकाळ टिकलीचा ताप मोजायचा, डिजिटल थर्मामीटर, व्हॅसलीन लावून मागून. एक्सेलमध्ये आलेख. बाबा म्हणाले, "तिला काय डेंग्यू झालाय?" पण कुत्रीचा ताप व्यायच्या आधी साधारण १२ ते २४ तास घसरतो, आणि तारखेपेक्षा हा इशारा पुष्कळ भरवशाचा. चार दिवस १००.४, १००.६ असं चाललं होतं. १५ तारखेला सकाळी सातला ९८.४. किंक्रांतच! आजीने कपाळावर हात मारला.

दुपारी चिकनला तोंड लावलं नाही. तीननंतर धापा, थरथर, पेपर टराटरा फाडणं. माझी एक मीटिंग याच आवाजाच्या पार्श्वसंगीतावर झाली. रात्री पावणेदहाला पाणी फुटलं. आम्ही आजीच्या हुकमाप्रमाणे लांब, स्वयंपाकघरात, दिवा मंद. पहिलं पिल्लू १०:५५ ला. टिकलीने पिशवी फाडली, चाटलं, नाळ तोडली, वार खाऊन टाकली, सगळं आपसूक. आमच्या हातमोज्यांचं पाकीट तसंच. दुसरं साडेअकराला. बारा वीसला तिसरं आलं ते निपचित. तिने दोनदा चाटून सोडून दिलं. मग मात्र आईने उचललं. तोंडातला चिकटा बोटाने काढला, डोकं किंचित खाली ठेवून लुगड्याच्या तुकड्याने पाठ-छाती चोळायला लागली, जोरात, भांडं घासावं तशी. (व्हिडिओंमध्ये पिल्लू धरून झोका देतात ते करू नका, मेंदूला इजा होते.) दोन मिनिटं म्हणजे काय असतं ते तेव्हा कळलं. मग एक शिंकेसारखा आवाज, आणि ची... आईने काही न बोलता ते टिकलीच्या पोटाशी लावलं आणि मागे जाऊन हात धुतले, बराच वेळ.

आणि लाईट गेली. जानेवारीत आमच्याकडे रात्री चांगलीच थंडी असते. नवजात पिल्लांना पहिल्या आठवड्यात अंगाशी २९ ते ३२ अंश ऊब लागते, त्यांना कुडकुडताही येत नाही. म्हणून पेटीच्या एका कोपऱ्यावर साठचा पिवळा बल्ब टांगला होता. (एकाच कोपऱ्यावर, आईला उकडलं तर सरकायला जागा पाहिजे.) तो गेला. मग चुलीवर पाणी, बाटल्यांत भरून, लुगड्यात गुंडाळून पिल्लांच्या बाजूला. चौथं १:०५ ला, टॉर्चच्या उजेडात. चारही चोखायला लागली. पहिल्या दिवसाचा चीक पोटात गेला पाहिजे, रोगाशी लढायची त्यांची शिदोरी तीच.

टिकली शांत झाली. डोळे मिटले. कुणीही म्हणालं असतं, संपलं. पण एक्स-रे म्हणत होता पाच.

दोन चाळीसला तिला पुन्हा कळा सुरू झाल्या. जोरात, अंग आखडून. बाहेर काही नाही. मी घड्याळ लावलं. पंचविसाव्या मिनिटाला बाबा म्हणाले, "थोडं थांबू. चार तर सुखरूप झालीत. एवढ्या थंडीत दीड दिवसाची बाळंतीण..." (खरं तर दीड तासाची.) आजीही म्हणाली की म्हशीला कधी कधी पहाट होते. त्यांचं बोलणं चुकीचं नव्हतं. तीन वाजता, अंधारात, दमलेल्या कुत्रीकडे बघताना थांबावंसंच वाटतं. मी तिसाव्या मिनिटाला फ्रीजकडे टॉर्च मारला. बाबांनी कागद वाचला, स्वतःची सही बघितली आणि किल्ली काढली. एवढंच. वाद शनिवारी होऊन गेला होता.

फोन दुसऱ्या रिंगला उचलला गेला. "निघा."

तीन वीसला निघालो. मागे टिकली, आईच्या मांडीवर टोपलीत चार पिल्लं आणि दोन गरम बाटल्या. सरळगावपर्यंत धुकं. मुरबाडला जत्रेचे टेम्पो, त्यात बैल उभे, घोंगड्या पांघरलेली माणसं शेकोटीपाशी. एकाने वाकून आत बघितलं आणि न विचारता समोरची मोटरसायकल बाजूला घेतली. म्हारळ-शहाड, जिथे एरवी आयुष्य जातं, ते रिकामं. पावणेपाचला टेबलावर.

डॉक्टरांनी आधी सोनोग्राफी लावली. पडदा बघितला, थोडं थांबले, आणि मान हलवली. पिल्लाचं हृदय बंद होतं. डोकं एका बाजूला वळून अडकलं होतं. भरपूर जेल लावून, बोटांनी वळवून, कळेबरोबर ओढत पंधरा-वीस मिनिटांत त्यांनी ते बाहेर काढलं. पोट उघडावं लागलं नाही. पाचातलं सगळ्यात मोठं होतं, ३४० ग्रॅम, पूर्ण तपकिरी, कपाळावर ठिपका.

मी विचारलं, तासभर आधी निघालो असतो तर? ते म्हणाले, "तासभर आधी तिला कळाच नव्हत्या. निघायचं कारणच नव्हतं." मग हात पुसत म्हणाले, "सकाळपर्यंत थांबला असतात तर मात्र हिचं सांगता आलं नसतं." टिकलीने तोवर टोपली शोधून त्यात तोंड घातलं होतं.

पाचवं आम्ही परत घेऊन आलो. बाबांनी विहिरीमागे, शेवग्याखाली खड्डा केला. खोल, वर दगड, कारण कोल्हे उकरतात.

पुढचे आठवडे म्हणजे काटा आणि एक्सेल. रोज त्याच वेळी वजन. रोज साधारण पाच ते दहा टक्के वाढलं पाहिजे. जे वाढत नाही त्याला मागच्या सडांशी लावायचं, तिथे दूध जास्त. लाल लोकरवालं, म्हणजे ते तिसरं, दोन दिवस २६५ वरच अडून बसलं होतं. पिल्लू गार लागलं तर आधी ऊब, मग दूध. गार पोटात दूध पचत नाही. बाराव्या दिवशी पहिले डोळे उघडले. पंधराव्या दिवशी जंताचं औषध, पिल्लांना आणि आईला एकदमच, कारण गोलकृमी पोटात असतानाच येतात आणि अंकुशकृमी दुधातून. टिकलीला तेव्हा नेहमीच्या दुप्पट-अडीचपट खाणं लागत होतं आणि ती थरथरतेय का यावर आईचा डोळा. नाही थरथरली.

पिल्लं मागायला लोक तिसऱ्या आठवड्यापासूनच यायला लागले. पैदास करून कुत्री विकणाऱ्यांसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. आमची काही विक्री नव्हती, पण आकडा तोच धरला. आठ आठवडे भरत होते बरोबर होळीला. "होळी पेटू दे, मग या," असं आजी प्रत्येकाला सांगायची. दोन गेली शहापूरला, एक सरळगावात किराणा दुकानावर. पहिली लस टोचून, कागद हातात देऊन.

टिकलीचं ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं, दूध पूर्ण आटल्यावर. जाताना रस्ता मुरबाडवरूनच. लाल लोकरवालं घरीच राहिलं. आता ते अकरा किलोचं आहे, आणि बाबांनी केलेल्या पेटीचा पाईप त्यानेच कुरतडून संपवला.